इंदूरकरांनो, टर्बो पेट्रोल घ्यायची की डिझेल?

इंदूरच्या मराठी घरात नवी गाडी घ्यायची ठरली की दोन तट पडतात. मुलाला पिकअप हवा असतो, वडिलांना ॲव्हरेज. मुलगा सांगतो, "बाबा, १६० पीएसची आहे." बाबा विचारतात, "आणि पुण्याला जाऊन यायला पेट्रोल किती लागेल?" दोघांचंही चुकत नाही, पण दोघंही गाडीची एकच बाजू बघत असतात. शोरूममधला माणूस तर महिनाअखेरीला जी गाडी स्टॉकमध्ये असेल तीच चांगली म्हणणार. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

माझं मत आधीच सांगून टाकतो. "वर्षाला किती किलोमीटर चालवता?" एवढं विचारून डिझेल की पेट्रोल ठरवायचे दिवस एप्रिल २०२० मध्ये संपले. आता त्याच्याइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, तो म्हणजे ते किलोमीटर होतात कसे? लोकमान्य नगरातून शाळा, भाजी, बँक अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी, की राऊवरून पुढे एका दमात?

आधी पिकअपचा गोंधळ सोडवू. तुलना न्याय्य व्हावी म्हणून एकाच गाडीची दोन रूपं घेऊ. २०२४ ची ह्युंदाई क्रेटा टर्बो पेट्रोलमध्येही मिळते आणि डिझेलमध्येही, दोन्ही इंजिनं १.५ लिटरची. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. टर्बो पेट्रोल १६० पीएस (म्हणजे अश्वशक्ती) पॉवर आणि २५३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, देतं. डिझेल ११६ पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. टॉर्क जवळजवळ सारखा आणि पॉवरमध्ये ४४ पीएसचा फरक, असं कसं?

सायकल आठवा. पायडलवर पाय किती जोराने दाबता तो टॉर्क. तो जोर कायम ठेवून मिनिटाला किती वेळा पायडल फिरवता यावरून ठरते ती पॉवर. इंजिनातही तेच गणित चालतं : टॉर्कला आरपीएमने, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ७०२३ ने भागा, पीएस मिळतात. डिझेल क्रेटाची ११६ पीएस ही कमाल पॉवर ४००० आरपीएमला येते. उलटं गणित केलं तर त्या क्षणी टॉर्क निघतो साधारण २०४ न्यूटन-मीटर. पेट्रोलची १६० पीएस ५५०० आरपीएमला येते. तिथलाही टॉर्क काढून बघा, पुन्हा २०४ च निघेल. म्हणजे दोन्ही इंजिनं आपापल्या शिखरावर सारखाच पीळ देतात, फक्त पेट्रोलचं इंजिन तोच पीळ मिनिटाला १५०० फेरे जास्त देऊ शकतं. ४४ पीएसचा सगळा फरक एवढाच आहे. जो चालक इंजिन ४००० च्या वर कधी नेतच नाही, त्याने त्या फरकाचे पैसे भरले तरी तो पूर्णपणे त्याच्या वाट्याला येत नाही.

आता जुना समज. "टॉर्क म्हणजे डिझेलच, घाटात डिझेलच." हा समज खोटा नव्हता, तो साध्या पेट्रोल इंजिनांच्या काळातला आहे. क्रेटाचंच बिनटर्बोचं १.५ पेट्रोल घ्या : ११५ पीएस, पण टॉर्क फक्त १४४ न्यूटन-मीटर, आणि तोही ४५०० आरपीएमला. अशी गाडी पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू ठेवून सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात चढवली की तिसऱ्या गिअरमध्ये ओरडत वर जाते. डिझेल त्याच चढावर दोन हजार आरपीएमला शांतपणे ओढत राहतं. वडिलांच्या पिढीने हा फरक स्वतः अनुभवला आहे. मात्र टर्बो पेट्रोलचा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमपासूनच हाती येतो आणि ३५०० पर्यंत टिकतो. डिझेलचा १५०० ते २७५० पर्यंत. घाटातली डिझेलची मक्तेदारी टर्बो पेट्रोलने मोडली, हे मान्य करायला हवं.

अजून एक बाब ब्रोशरमध्ये दिसत नाही. रस्त्याला टेकतात ती चाकं, इंजिन नव्हे. इंजिनचा टॉर्क गिअरबॉक्समधून गुणला जाऊन चाकापर्यंत पोचतो. पेट्रोलचं इंजिन जास्त फिरू शकतं, म्हणून त्याचे गिअर आखूड ठेवता येतात आणि चाकावर जोर जास्त उतरतो. डिझेलचे गिअर लांब ठेवावे लागतात. त्यामुळे कागदावर टॉर्क सारखा असूनही ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला की पेट्रोल पुढे निघून जातं. जिथे दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकायला होतं, तिथे समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहणं हा सुरक्षिततेचाच मुद्दा आहे.

पण किती पॉवर पुरे, हेही बघा. सपाट रस्त्यावर ताशी १०० चा वेग नुसता टिकवायला अशा गाडीला साधारण २० ते २५ पीएस लागतात. भोपाळच्या चौपदरीवर बाकीचे पीएस वाट बघत बसलेले असतात, वेग वाढवायचा तेव्हाच ते कामाला येतात. सगळे पीएस मोकळे सोडायची जागा आपल्या दाराशीच आहे : पिथमपूरचा नॅट्रॅक्स, ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार हायस्पीड ट्रॅक, जून २०२१ मध्ये उद्घाटन झालेला आणि आशियातला सर्वांत लांब. तो गाड्यांची चाचणी घ्यायला बांधला आहे. बायपास त्यासाठी नाही.

डिझेल कमी पितं ते का? पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण ठिणगीने पेटतं. ते जास्त दाबलं तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच भडकतं आणि इंजिन ठोकायला लागतं. म्हणून पेट्रोलमध्ये हवा साधारण दहापट दाबतात. डिझेलमध्ये नुसती हवाच दाबली जाते, पंधरापट किंवा त्याहून जास्त, ती इतकी तापते की इंधन फवारलं की आपोआप पेट घेतं. जास्त दाबलं तर त्याच इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. त्या दाबाला टिकायला इंजिन जाडजूड बनवावं लागतं, म्हणून डिझेल गाडीचं नाक जड, आवाज भरड आणि वळणात वळायची तयारी थोडी कमी.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो फरक जोर लावल्यावर दिसतो. टर्बो पेट्रोलला हलक्या पायाने चालवलं तर ॲव्हरेज छान मिळतं. पण भरलेली गाडी, चढ, सतत टर्बोचा दाब, अशा वेळी इंजिनाला ठोकण्यापासून वाचवायला ठिणगी उशिरा द्यावी लागते, कधी जादा पेट्रोल फवारून ज्वलन थंड ठेवावं लागतं. ॲव्हरेज धाडकन खाली येतं. डिझेल त्याच कामाला इतकं महागत नाही. कंपनीच्या आकड्यांत टर्बो पेट्रोल १८.४ आणि डिझेल ऑटोमॅटिक १९.१ किलोमीटर प्रतिलिटर दिसतं, आणि माणूस म्हणतो, फरकच काय? फरक खऱ्या रस्त्यावर आहे, आणि जो पिकअपसाठी गाडी घेतो तो पिकअप वापरणारच.

आता पैशांचं बोलू, कारण इथे इंदूरचं गणित वेगळं आहे. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये पेट्रोल १०६ रुपयांच्या आसपास आणि डिझेल ९२ च्या आसपास होतं, म्हणजे लिटरमागे चौदा रुपयांचा फरक. बडोद्याला तुमचा भाऊ राहत असेल तर त्याच्याकडे तेव्हा पेट्रोल साधारण ९४ आणि डिझेल ९० होतं, फरक जेमतेम चार. समजा प्रत्यक्षात टर्बो पेट्रोल १२ आणि डिझेल १६ देते. इंदूरला पेट्रोलचा किलोमीटरमागे खर्च ८ रुपये ८० पैसे, डिझेलचा ५ रुपये ७५ पैसे, फरक तीन रुपयांचा. बडोद्यात तोच फरक सव्वादोन रुपयांवर येतो. वर्षाला १५ हजार किलोमीटर धरले तर इंदूरकराचे ४५ हजार वाचतात, बडोदेकराचे ३३ हजार. तेव्हा बडोद्याच्या भावाचा सल्ला तसाच उचलू नका, त्याच्या पंपावरचे भाव वेगळे आहेत. आणि १२ आणि १६ हे मी धरलेले आकडे आहेत, तुमच्या पायाचे आकडे घालून हिशेब पुन्हा करा.

"डिझेल लाखाने महाग, ते लाख वसूल व्हायला किती वर्षं?" हा हिशेबही इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तो साध्या पेट्रोलशी तुलना करताना बरोबर आहे. टर्बो पेट्रोल स्वतःच महाग असते. २०२४ च्या क्रेटात सर्वांत वरच्या प्रकारात टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक आणि डिझेल ऑटोमॅटिक यांची एक्स-शोरूम किंमत जवळपास सारखी, वीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे पिकअपवाल्या पेट्रोलच्या तुलनेत डिझेल पहिल्या दिवसापासून पैसे वाचवायला लागतं. मध्य प्रदेशात डिझेल गाडीला रोड टॅक्स मात्र जास्त लागतो, म्हणून दोन्हींचा ऑन-रोड भाव लिहून घ्या. चार मीटरच्या आतल्या गाड्यांत सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतचं डिझेल दोन्ही १८ टक्के जीएसटीत येतात, त्याहून मोठ्या गाड्या ४० टक्क्यांत.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग डिझेलच घ्यावी. थांबा. खरी अडचण सायलेन्सरच्या वाटेवर बसली आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले. डिझेल कारमधून निघणाऱ्या काजळीच्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली, नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर. हे साधायला धुराच्या मार्गात एक फिल्टर आला, त्याला सगळे डीपीएफ म्हणतात. बारीक छिद्रांच्या सिरॅमिकच्या जाळीत काजळी अडकते. जाळी भरत आली की गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल फवारून धूर सहाशे अंशांच्या घरात तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. पण त्यासाठी इंजिन गरम असावं लागतं आणि गाडी साधारण वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगाने सलग चालावी लागते.

आता आपल्या शहरातला दिवस बघा. रामबागेतून निघाले, मुलाला शाळेत सोडलं, जेल रोडच्या गर्दीत रांगत गेले, घरी आले. इंजिन पुरतं गरम होण्याआधीच बंद. काजळी जळायला सुरुवात झाली आणि चावी फिरवली, असं पुन्हा पुन्हा झालं की फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, पुढे गाडीचा जोरच कमी केला जातो. अर्धवट जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच. आणि फिल्टर बदलायची वेळ आली तर वर्षभराची इंधनातली बचत त्यात जाते.

म्हणून वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवणारे दोघंजण माझ्या लेखी सारखे नाहीत. एक जण रोज पिथमपूरला कामाला जातो, बायपास आणि राऊवरून सलग अर्धा-पाऊण तास. त्याचा फिल्टर आपोआप साफ होत राहील, त्याने डोळे मिटून डिझेल घ्यावी. दुसऱ्याचे १२ हजार शहरातच, सिग्नल ते सिग्नल झाले आहेत. त्याला डिझेल देणं म्हणजे दुखणं विकत देणं आहे. तिसरा एक प्रकारही आपल्याकडे फार आहे. निवृत्त जोडपं, एरवी गावातल्या गावात, आणि गणपतीला आणि उन्हाळ्यात पुण्याला लेकीकडे, खलघाटचा नर्मदेचा पूल ओलांडून, सेंधवा, शिरपूर, धुळे करत. सहाशेच्या आसपास किलोमीटरचा तो प्रवास डिझेलला शोभतो, पण मधले महिने तिला मानवत नाहीत. त्यांनी डिझेल घेतलीच, तर आठवड्यातून एकदा बायपासवर अर्धा तास गाडी मोकळी सोडावी, आणि ते जमणार नसेल तर साधं पेट्रोल घ्यावं.

काजळी जळत असताना आरपीएम थोडे चढलेले राहतात, पंखा जोरात फिरतो, ॲव्हरेज त्या वेळेपुरतं पडतं. हे बिघडल्याचं लक्षण नाही. शक्य असेल तर आणखी दहा मिनिटं चालवा, मग बंद करा. काही गाड्यांत ॲडब्लू नावाचं युरियाचं पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते संपलं की गाडी परत सुरू होत नाही, म्हणून लांबच्या प्रवासाआधी बघून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. काही मेकॅनिक फिल्टर कापून काढून टाकायचा सल्ला देतात, "कटकट संपली" म्हणतात. ते बेकायदा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ती काजळी आपल्याच पोरांच्या छातीत जाते. झाडू हातात घेऊन ज्या शहराने देशात पहिला नंबर मिळवला, त्या शहरात हे करू नये.

पेट्रोलकडेही आंधळेपणाने जाऊ नका. टर्बो पेट्रोल क्रेटाच्या ऑटोमॅटिकमध्ये ड्राय क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन कोरड्या, तेलात न बुडणाऱ्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. गिअर चटकन बदलतो, हायवेवर मजा येते, पण राजवाड्याच्या गर्दीत इंचाइंचाने सरकत राहिलं तर क्लच तापतो. पुढे थोडी जागा होऊ द्यावी आणि मग गाडी एकदम पुढे घ्यावी, ब्रेक अर्धवट सोडून रांगवू नये. डिझेलच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, तो जोर तेलातून पोचवतो, त्याला गर्दी अधिक सोसते. गंमत अशी की गर्दी सोसणारा गिअरबॉक्स त्या इंजिनाला मिळाला आहे ज्याला गर्दी सोसत नाही.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज काही टक्के घटतं. उलट इथेनॉल ठोकण्याला चांगला विरोध करतं, ते टर्बो इंजिनाला मानवतं. नवी गाडी त्यासाठी बनलेली असते. जुनी टर्बो पेट्रोल घेणार असाल तर इंधनाच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत चालतं ते वाचा.

आता ज्यांना खरोखरच जोरदार गाडी हवी आहे त्यांच्यासाठी. युरोपात हा वाद कित्येक वर्षं चालला : फोक्सवॅगन गोल्फची जीटीआय पेट्रोल घ्यावी की जीटीडी डिझेल? आठव्या पिढीत जीटीआय २४५ पीएस आणि ३७० न्यूटन-मीटर, जीटीडी २०० पीएस आणि ४०० न्यूटन-मीटर. लांब पल्ल्याचा प्रवास रोज करणारे जीटीडी घेत. २०१५ मध्ये डिझेलच्या चाचणीतली फोक्सवॅगनची फसवणूक उघडी पडली आणि डिझेलवरचा विश्वास तिथे ओसरला. भारतात मे २०२५ मध्ये जीटीआय आली ती ५३ लाखांना, ऑक्टोबरमध्ये २६५ पीएसची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आली ५० लाखांना, तीही फक्त शंभर गाड्या. त्यांच्या तोडीचं डिझेल समोर नाहीच. मारुती, फोक्सवॅगन आणि स्कोडा यांनी २०२० मध्येच डिझेल कार सोडल्या, होंडाने २०२३ मध्ये. डिझेल उरलं आहे ते बहुतेक एसयूव्ही आणि मोठ्या गाड्यांत, ह्युंदाई, किया, टाटा, महिंद्रा, टोयोटा यांच्याकडे.

जुन्या बाजारात मात्र मोह होईल अशा जोड्या आहेत. बीएमडब्ल्यूची पेट्रोल ३३०आय २५८ पीएसची, डिझेल ३२०डी १९० पीएसची, टॉर्क दोन्हींचा ४००. इथेही तीच गोष्ट, पीळ सारखा आणि फेरे वेगळे. अशी जुनी डिझेल बघताना कुणाच्या ताब्यात होती हे विचाराच, पण ती कुठे चालली हे आधी विचारा. कमी किलोमीटरची, "फक्त मॅडम शहरात चालवायच्या" अशी बीएस-६ डिझेल मला कधीच स्वस्त वाटत नाही. लाखभर किलोमीटर हायवेवर चाललेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली त्यापेक्षा बरी. आणि गाडी दिल्लीला न्यायची असेल, ग्वाल्हेरच्या मंडळींना हा प्रसंग येतोच, तर दहा वर्षांवरच्या डिझेलबद्दलचे तिथले नियम आधी बघा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. घरातली चार माणसं बसवा, एसी लावा, दोन्ही गाड्या एकाच दिवशी मागवा. आधी पलासियापासून रीगलपर्यंत संध्याकाळी सहाच्या गर्दीत, मग बायपासवर. बायपासला साठवरून पाय पूर्ण दाबा आणि ऐंशीला पोचल्यावर मागे बसलेल्या आईला विचारा, कुठली गाडी आवडली. पुण्यापर्यंत तिलाही बसायचं आहे.